घरात माणसं बारा, खरं आईला विचारतंय कोण

गेल्या महिन्यात आमच्या गावात एका हळदीकुंकवाला गेले होते. तिथं बोलावलेल्या पाहुण्या बाईंनी माईक हातात घेतला आणि वीस मिनिटं एकच मुद्दा सांगितला, की एकत्र कुटुंबं मोडली म्हणून पोरं बिघडली, आजी-आजोबा घरात असले की संस्कार आपोआप होतात, आजकालच्या सुनांना वेगळं राहायचं वेड लागलंय वगैरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या वैनींनी पण वाजवल्या. त्यांच्या घरात बारा माणसं आहेत, त्या पहाटे साडेचारला उठतात, दोन म्हशींचं बघून, भाकऱ्या थापून, सगळ्यांचे डबे भरून आठच्या बसनं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका युनिटमध्ये पॅकिंगला जातात, संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा चूल. आणि त्यांचा पाचवीतला मुलगा माझ्याकडं ट्यूशनला येतो, तो दर सोमवारी पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवतो. दोन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही.

बारा माणसांच्या घरात त्या पोराला "सोमवारीच का रे दुखतंय तुझं?" असं निवांत बसून विचारायला एकालाही वेळ मिळालेला नाही, आणि त्याच्या आईला तर "तू कशी आहेस गं?" असं गेल्या दहा वर्षांत कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

मी बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात बारा वर्षं ट्यूशन घेते. तिसरी ते आठवीची पोरं, मराठी मीडियमची थोडी, इंग्लिश मीडियमची जास्त. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. खरं रोज संध्याकाळी दोन तास वीसेक पोरं समोर असली की कुठल्या घरात काय चाललंय ते वहीच्या पानावरनंच कळायला लागतं. अक्षर बिघडतं, डबा न खाता परत येतो, एकदम गप्प असणारं पोरगं अचानक दुसऱ्याला मारतं. मी पहिल्यांदा अशा पोरांना ओरडायची. आता पहिल्यांदा घरी जाऊन येते.

या बारा वर्षांत माझं जे मत झालंय ते असं. घरात माणसं किती, चूल एक की दोन, यावर पोराचं सुख ठरत नाही. त्या घरातला ताण शेवटी कुणाच्या अंगावर येऊन थांबतो, आणि त्या माणसाला "आता मला होईना" म्हणायची सोय आहे का, यावर ते ठरतं. आणि ती सोय करणं हे एकट्या त्या घराचं काम नव्हे. पंचायतीचं आहे, कारखान्यांचं आहे, सरकारचं आहे, गावातल्या मंडळांचं पण आहे. आम्ही मात्र सगळं सुनेच्या स्वभावावर आणि पोराच्या मोबाईलवर ढकलून मोकळे होतो.

आमच्या भागात "कुटुंब" म्हणून एक ठरलेली वस्तू नाहीच मुळात. वडगाव, खासबागला जा, तिथं घर आणि कारखाना एकच. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत स्वयंपाक, मधे पोरांचा अभ्यास. खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत बापय माणूस गोव्याला, घरात म्हातारी, सून आणि लेकरं. निपाणीकडं बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, काम घरीच, त्यामुळं पोर डोळ्यासमोर असतं खरं, पण हात एक मिनिट मोकळा नसतो. आमच्या गावांत मिलिटरीवाल्यांची घरं भरपूर, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, भरती व्हायची परंपरा पिढ्यानपिढ्यांची. शहरात टिळकवाडी, हिंदवाडीला मुलं पुण्याला किंवा बाहेरदेशी आणि फ्लॅटमध्ये दोन म्हातारी माणसं. आणि विधवा, नवऱ्यानं सोडलेल्या बायका, ज्यांची घरं कुठल्या भाषणात येतच नाहीत. एवढ्या सगळ्यांना "एकत्र राहा, सगळं ठीक होईल" हे एकच औषध कसं लागू पडेल?

वडगावातल्या एका मागवाल्याच्या घरी मी दोन वर्षं जाऊन येऊन होते, त्यांची मुलगी शिकायला यायची. त्या घराला "एकत्र" म्हणायला काहीच कमी नव्हतं, आजोबा, आजी, दोन भाऊ, दोन जावा, पाच पोरं. बाया कांड्या भरायच्या, बापय माग चालवायचे, मजुरी साडीमागं. ऑर्डर असली की रात्री अकरापर्यंत खटखट, आणि नसली की शांतता, आणि ती शांतता जास्त वाईट, असं ती मुलगी मला म्हणाली होती. सातवीतली मुलगी. म्हणाली, टीचर, माग बंद असला की पप्पा कुणाशी बोलत नाहीत, आणि काका-पप्पांचं हिशोबावरनं सुरू होतं, मग काकू आणि आई एकमेकींशी बोलत नाहीत, मग आम्हा पोरांना पण एकमेकांशी खेळायचं नाही असं ठरतं. बघा, पैशाचं दुखणं कुठनं निघालं आणि कुठं जाऊन पोचलं. सूत महाग झालं आणि दोन चुलत बहिणींचा खेळ बंद झाला.

ही साखळी काही माझ्या डोक्यातनं निघालेली नाही. अमेरिकेत आयोवा म्हणून राज्य आहे, मक्याचं, शेतकऱ्यांचं. तिथं 1980 च्या दशकात शेतीवर मोठं संकट आलं, जमिनींच्या किमती कोसळल्या, कर्जं अंगावर आली, पिढीजात शेतं लिलावात गेली. रँड काँगर आणि ग्लेन एल्डर या अभ्यासकांनी 1989 पासून तिथल्या खेड्यांतल्या 451 कुटुंबांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांना जे दिसलं ते थोडक्यात असं, की पैशाची ओढाताण सरळ पोरावर येत नाही. ती आधी आईबापाच्या मनावर येते, माणूस खचतो, चिडका होतो. मग नवराबायकोत वाजतं. मग पोरांशी वागणं बदलतं, एकतर तोंड सुटतं, हात सुटतो, नाहीतर लक्षच उडतं. आणि मग पोराचा अभ्यास, झोप, मैत्री बिघडते. आणि लक्षात घ्या, ही आईबाप दोघं असलेली, खेड्यांत आणि छोट्या गावांत राहणारी घरं होती, ज्याला आपण चांगलं वळणाचं घर म्हणू तसली. घराचा आकार शाबूत होता, ताण तरीही आत शिरला.

आयोवात मका, आमच्याकडं ऊस. ऊस तोडून गेल्यावर 14 दिवसांत बिल द्यायचं असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. चौदाच्या जागी किती दिवस लागतात ते अथणी-चिकोडीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्या मधल्या दिवसांत घरात काय होतं त्याची नोंद कुठल्याच कारखान्याच्या वहीत नसते. शाळेची फी त्याच दिवसांत, सोसायटीचा हप्ता त्याच दिवसांत. बाप सकाळ-संध्याकाळ फोन लावून बघतो, पैसे जमा झाले का, आणि पोरगं वही घेऊन सही मागायला आलं की खेकसतो. उसाच्या बिलाचा प्रश्न हा बालकल्याणाचा प्रश्न आहे असं कुणी म्हणत नाही, मी म्हणते.

तसंच जत्रेचं. आमच्याकडच्या गावांत महालक्ष्मीची जत्रा बारा वर्षांनी, कुठं वीस-पंचवीस वर्षांनी भरते, आणि भरली की घराला रंग, नवीन कपडे, पै-पाहुणे, मटणाचं जेवण, मंडप, आणि कुणी मागं राहायचं नाही. मी देवीच्या विरोधात नाही, मला पण जत्रा आवडते, माहेरवाशिणी येतात, गाव फुललेलं असतं. पण जत्रेनंतर दोन वर्षं ज्या घरात कर्ज फिटत नाही त्या घरातली पोरं माझ्यासमोर बसलेली असतात. आणि हे कर्ज बऱ्याचदा बाईच्या नावावर असतं, कारण फायनान्सवाले बायकांचे गट करून देतात, आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात. आठवड्याच्या हप्त्याचा वार आला की आई सकाळपासून वेगळी असते हे पोरांना बरोबर कळतं. वसुलीचा जाच इतका वाढला की कर्नाटक सरकारला फेब्रुवारी 2025 मध्ये मायक्रोफायनान्सच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. चांगलं झालं. पण कायदा वसुलीवाल्याला दारातनं हाकलेल, आधीच घाबरलेल्या पोराच्या मनातली भीती कोण काढणार?

आता एकत्र कुटुंबाबद्दल. मी त्याची वैरीण नाही हे आधीच सांगते, मी स्वतः आजीच्या मांडीवर वाढलेय. पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी येते, आई तिला तीन-चार महिने कशाला हात लावू देत नाही, बाळाला न्हाऊ-माखू घालते, शेक-शेगडी करते, रात्री बाळ रडलं की आजी उठते, ही केवढी मोठी सोय आहे! शहरात एकट्या पडलेल्या बाळंतिणीला ही पैसे देऊन मिळत नाही. पण तीच पोरगी सासरी परत गेली की दुसऱ्या दिवसापासून पूर्ण काम. जे घर माहेर म्हणून इतकं मायेचं, तेच घर सासर म्हणून आपल्या सुनेला ते देत नाही. घर तेच, माणसं तीच, पद्धत तीच, वागणूक दोन. म्हणजे एकत्र राहण्यातनं माया आपोआप पाझरत नाही, कुणीतरी ठरवून ती द्यावी लागते.

आणि सरकार पण घराकडं बघताना चुलीकडं बघतं, माणसाकडं नाही. कर्नाटकाची गृहलक्ष्मी योजना ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झाली, महिन्याला 2000 रुपये, रेशनकार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख तिला. चांगली योजना आहे, मी तिच्या बाजूनं आहे, आमच्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे म्हणून पैसे आले. पण एका कार्डावर एकच प्रमुख. तीन सुना असलेल्या घरात पैसे सासूला, आणि ज्या सुना वेगळ्या झाल्या त्यांना ज्यांच्या त्यांच्या नावावर. मग जे भांडण आधी पाण्याच्या हंड्यावरनं व्हायचं ते कार्डावरनं सुरू झालं, कार्ड वेगळं करा म्हणून. भाषणात एकत्र कुटुंबाचं कौतुक आणि कागदावर वेगळं होणाऱ्याचा फायदा, अशानं सुनेनं काय समजायचं?

तरीपण पैसे थेट घरात येण्याचा पोरांवर परिणाम होतो, हे मी मनापासून मानते आणि त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात चेरोकी आदिवासींच्या भागात 1990 च्या दशकात कॅसिनो सुरू झाला, आणि त्याच्या नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येकाला मिळायला लागला, काही न करता, काही अट न घालता. योगायोगानं तिथल्या पोरांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी आधीपासूनच करत होते, त्यामुळं आधीचं आणि नंतरचं दोन्ही चित्र त्यांच्याकडं होतं. 2003 मध्ये त्यांनी छापलं, की जी कुटुंबं या पैशामुळं गरिबीतनं वर आली त्यांच्या पोरांतले मारामारी, उलटून बोलणं, चोऱ्या असल्या वागण्याचे त्रास कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या पोरांच्या पातळीला आले. कारण शोधलं तर मुख्य निघालं ते असं, की आईबापांना पोरांकडं लक्ष द्यायला वेळ मिळायला लागला. संस्कारवर्ग काढले नव्हते, भाषणं झाली नव्हती. (मात्र मनातली उदासी, भीती तेवढी कमी झाली नाही असंही त्यांनीच लिहिलंय, म्हणजे पैसा म्हणजे सगळं नव्हे, हे पण तिथंच आहे.)

म्हणून 2000 रुपयांना "फुकटचं खातात" म्हणून नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. जी आई त्या पैशातनं रविवारची जादा पाळी सोडते आणि पोराजवळ बसते, ती फुकट खात नाही.

मिलिटरीच्या घरांबद्दल थोडं. जवानाला वर्षात 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची कॅज्युअल, ती पण एकदम मिळेल असं नाही. म्हणजे पोरगं बारा वर्षाचं होईपर्यंत बाप त्याच्यासोबत सगळे मिळून फारतर तीन वर्षं. बाप सुट्टीवर आला की पहिले चार दिवस सण, पाचव्या दिवसापासून घरात अवघडलेपण, कारण घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं आणि त्याला वाटतं माझ्या शब्दाला मान राहिला नाही. पोरगा आईचं ऐकायचं की बापाचं या घोटाळ्यात. गाव त्या बाईला "तुला काय, पगार येतोय, कँटीन आहे" म्हणून मोकळं होतं. सीमेवर काही गडबड झाल्याच्या बातम्या टीव्हीवर लागल्या की ती टीव्ही बंद करते आणि पोरं मोबाईलवर बघतात. तिची ती रात्र कुणी बघितली आहे? आणि ती तरीही दुसऱ्या दिवशी पोराचा डबा करते, पालकसभेला एकटी येते. आईबाप दोघं असलेलं घर म्हणून गावाच्या हिशोबात ते अगदी पूर्ण घर.

भाषेचं पण सांगायला पाहिजे, कारण हा ताण आमच्या सीमाभागाचा खास आहे आणि बाहेरच्यांना तो कळत नाही. मी इथं मराठी-कन्नड वाद काढत नाही, 1956 पासून तो चालू आहे आणि त्यावर बोलणारे भरपूर आहेत. मी स्वयंपाकघरातलं सांगते. आई शिकली मराठीत, सातवी-दहावी. पोरगं घातलंय इंग्लिश मीडियमला. कर्नाटकाच्या 2015 च्या कायद्यानं शाळेत कन्नड शिकणं सगळ्यांना भाग झालं, भाषा म्हणून मला ते चांगलंच वाटतं, या मातीत राहायचं तर कन्नड यायलाच पाहिजे. पण घरात होतं काय, की शाळेची डायरी इंग्लिशमध्ये, व्हॉट्सॲपवरचे मेसेज इंग्लिश नाहीतर कन्नडमध्ये, आणि आईला त्यातलं अर्धं कळत नाही. पोरगं सात वर्षाचं असताना त्याला कळतं की आईला हे येत नाही. मग ते सही स्वतःच करायला शिकतं, निरोप लपवायला शिकतं, आणि आई हळूहळू त्याच्या अभ्यासातनं बाजूला सरकते, आजीची तर गोष्टच सोडा. ज्या आज्जीकडं ओव्या आहेत, गोष्टी आहेत, शेतातल्या प्रत्येक झाडाचं नाव आहे, ती घरात असूनही पोराच्या दिवसात कुठंच नसते. माझ्याकडं येणाऱ्या अर्ध्या पोरांच्या आया मला अभ्यासासाठी पैसे देत नाहीत खरं तर, डायरी वाचून दाखवायला देतात. एकदा एक आई दारात उभी राहून रडली, म्हणाली टीचर, माझं पोरगं मला "तुला काय कळतंय" म्हणालं. नऊ वर्षाचं पोरगं. तिला मी काय सांगणार होते? चहा केला आणि आम्ही दोघी बसलो.

शाळांनी एवढं तरी करावं, की महत्त्वाचा निरोप पालकाला कळेल त्या भाषेत द्यावा, आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी चालेल. याला बजेट लागत नाही.

बापांबद्दल मी कमी बोलले असं वाटेल, पण मला त्यांची काळजी आईंइतकीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या, आणि त्यातल्या 31.7 टक्क्यांपुढं कारण लिहिलंय "कौटुंबिक समस्या". हा शब्द वाचून माझ्या पोटात गोळा येतो. कौटुंबिक म्हणजे काय? मागाची मजुरी थकली, त्यावरनं भांडण झालं, ते कौटुंबिक का? दारू, आणि दारूमागचं कर्ज, ते कौटुंबिक का? पोलिसाच्या कागदावर एक खाना भरायचा असतो म्हणून तो भरतो, पण त्या एका शब्दानं बाहेरचे सगळे सुटतात आणि दोष घराच्या आत, बहुतेक बायकोच्या माथी, येऊन बसतो. गाव तेरा दिवस तिच्याकडं बघत असतं. पोरं ते बघत असतात.

आमच्याकडं बापय माणसाला मनाचं बोलायला जागाच नाही. कट्टा आहे, मंडळ आहे, गणपतीत रात्रभर जागायला मित्र आहेत, शिवजयंतीच्या चित्ररथाला वर्गणी मागायला शंभर पोरं आहेत, पण "मला झोप येत नाही रे" म्हणायला एक नाही. आणि डॉक्टरकडं जायचं म्हटलं की "धारवाडला न्यायला पाहिजे याला" असं म्हणून हसतात. धारवाडच्या मनोरुग्णालयाचं नाव आमच्याकडं पिढ्यानपिढ्या शिवी म्हणून वापरलं गेलं. आज तिथं चांगली शिकवण्याची संस्था आहे, उपचार होतात, माणसं बरी होऊन घरी येतात, आणि बेळगावहून गाडीनं दीड-दोन तासाचं अंतर आहे. पण हसण्याच्या भीतीनं माणूस त्याच्याऐवजी वाईन शॉपला जातो, ते दोन मिनिटांवर आहे. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस म्हणून सरकारी फोन सेवा आहे, नंबर 14416, फुकट, दिवसरात्र, मराठीत पण बोलता येतं. मी हा नंबर ट्यूशनच्या दारावर आतल्या बाजूनं चिकटवलाय, बाहेर लावला असता तर कुणी थांबून वाचलं नसतं. पोरांसाठी 1098 पण लिहिलाय.

एका पालकानं, तो नंबर बघून, "टीचर, हे काय खुळ्यांचं?" म्हणून विचारलं होतं. त्यांनीच तीन आठवड्यांनी फोटो काढून नेला. पुढचं मी विचारलं नाही.

मला कुणी म्हणेल, एवढी दुःखं मोजत बसलात तर सगळीच पोरं वाया जाणार म्हणायची का? अजिबात नाही. हवाई बेटांतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चाळिशीला येईपर्यंत अभ्यास केला. ज्यांच्या वाट्याला लहानपणीच गरिबी, घरातली भांडणं, आईबापाचं व्यसन किंवा मानसिक आजार असं बरंच काही आलं होतं, त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, धडधाकट मनाची माणसं झाली. त्यांच्यात जे समान सापडलं त्यात एक होतं, की प्रत्येकाला निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस मिळालं होतं. आई असेल नाहीतर आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक. एकच, पण कायम असणारं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतली माझ्या लहानपणीची एक विधवा काकू आठवली, जिच्या उंबऱ्यावर आम्ही सहा-सात पोरं घरात भांडणं लागली की जाऊन बसायचो. ती काही विचारायची नाही. चुरमुरे द्यायची. तिचं "कुटुंब" म्हणजे ती एकटी, आणि आम्हा पोरांची ती किती मोठी सोय होती.

त्यामुळं एकट्या बाईचं घर म्हणजे मोडकं घर, हे मी ऐकून घेणार नाही. मोडकं आपण करतो, लग्नकार्यात तिला मागं बसवून, तिच्या पोराला अर्जावर "वडिलांचं नाव" या खान्यापुढं अडवून. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं सोडलेल्या बायकांची पोरं आमच्याच जिल्ह्यात आहेत, देवदासी प्रथा बंद करणारा कर्नाटकाचा कायदा 1982 लाच झाला, पण त्या पोरांच्या किती पिढ्या या एका खान्यापाशी मान खाली घालून उभ्या राहिल्या असतील. घरात ताण नव्हता, तो फॉर्ममधनं आला.

मग करायचं काय, तर माझ्या मते सगळ्यात आधी संध्याकाळचं बघायला पाहिजे. अंगणवाडीचं पोर दुपारनंतर घरी, उद्यमबाग-मच्छेची बस संध्याकाळी उशिरा, मधले तास पोरं म्हाताऱ्या गुडघेदुखीवाल्या सासूच्या जिवावर नाहीतर मोबाईलच्या. आणि घरात जी भांडणं होतात त्यातली निम्मी या तासांवरनं, "माझ्यानं होत नाही तुझी पोरं सांभाळणं" यावरनं. सासू पण चूक नाही, तिनं तिच्या वाटची पोरं सांभाळून झालीत. केंद्राची पाळणा योजना आहे, 6 महिने ते 6 वर्षांच्या लेकरांसाठी, अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर. कर्नाटकाची ग्रामपंचायत पातळीवर "कूसिन मने" आहे, म्हणजे लेकराचं घर. कागदावर दोन्ही आहेत. आमच्या गावात एकपण नाही, आणि ज्या गावात आहे तिथं बाया कामावरनं यायच्या आधी बंद होतं. बाई घरी येईपर्यंत जे उघडं नसतं ते पाळणाघर तिच्या काय कामाचं? रोजगार हमीला जाणारी असो, फॅक्टरीत जाणारी असो, दुसऱ्याच्या बांधावर जाणारी असो, तिची वेळ धरून ते चालायला पाहिजे, आणि तिथं लेकरांशी मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी बाई पाहिजे, नीट पगारावर, मानधनाच्या नावाखाली राबवून नव्हे.

यावर ग्रामसभेत बोलायचं ठरवलंय. गेल्या वेळी उठले होते तर "टीचर, आधी गटारीचं होऊ दे" म्हणाले, गटारीचं झालं, ते पण गरजेचंच होतं. यावेळी अर्ज लेखी देतेय, मराठीत मी लिहिलाय, कन्नडमधला भाच्यानं करून दिलाय. घरोघरी सह्या घेत फिरतेय. बारा माणसांच्या घरातल्या त्या वैनींनी पहिल्यांदा "घरात विचारून सांगते" म्हणून परत पाठवलं, परवा स्वतः आल्या, पीठ लागलेल्या हातानंच सही केली, आणि सोबत सासूला घेऊन आल्या होत्या, सासूबाईंनी अंगठा दिला. आतापर्यंत 41 झाल्यात. त्यात बापय माणसांच्या 6.